बघणं आणि उपचार एकाच कणात: कॅन्सरवरच्या नॅनोकणांबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

घरात कॅन्सरचं निदान झालं की चार-आठ दिवसांत मोबाईलवर 'नॅनो'चे व्हिडिओ यायला लागतात. मी रसायनशास्त्रातला माणूस. काही वर्षं प्रयोगशाळेत सोन्याचे आणि लोहाचे असे कण बनवले. त्यामुळे नात्यातले, शेजारचे, मित्रांचे मित्र फोन करून विचारतात. तेच प्रश्न पुन्हा पुन्हा येतात, म्हणून उत्तरं इथे एकत्र लिहितो आहे. मी डॉक्टर नाही. पेशंटच्या उपचाराचा निर्णय त्याच्या ऑन्कॉलॉजिस्टशी बोलूनच घ्यायचा.

नॅनोकण म्हणजे नेमका केवढा?

एका मिलिमीटरचे दहा लाख भाग केले तर त्यातला एक भाग म्हणजे एक नॅनोमीटर. आकड्याने डोळ्यापुढे काही येत नाही, म्हणून असं करू. रक्तातली तांबडी पेशी साधारण ७,००० नॅनोमीटर रुंद असते. ती पेशी ताटातल्या भाकरीएवढी धरली, तर १०० नॅनोमीटरचा कण ज्वारीच्या दाण्याहून थोडा लहान ठरतो आणि ५ नॅनोमीटरचा कण म्हणजे त्या भाकरीच्या पिठातला एक कण. दाणा आणि पीठ हा फरक लक्षात ठेवा. कोणता कण लघवीवाटे निघून जाईल आणि कोणता यकृतात अडकेल, हे पुढे त्यावरच ठरतं.

एकाच कणाने निदान आणि उपचार, म्हणजे काय?

कणामध्ये दोन गुण असतात. एकामुळे तो एमआरआय, सीटी किंवा पेट स्कॅनमध्ये दिसतो. दुसऱ्यामुळे तो गाठीला इजा करतो: औषध सोडून, तापून, किंवा रेडिएशनचा मारा तिथल्या तिथे वाढवून. याला थेरानोस्टिक्स म्हणतात. थेरपी आणि डायग्नोस्टिक्स या दोन शब्दांना जोडून केलेलं हे नाव आहे.

नाव नवीन असलं तरी कल्पना जुनी आहे. थायरॉईड ग्रंथीला आयोडीन लागतं आणि ती ते रक्तातून ओढून घेते. हे ओळखून बॉस्टनमध्ये सॉल हर्ट्झ यांनी १९४१ साली थायरॉईडच्या पेशंटला किरणोत्सारी आयोडीन दिलं. काही वर्षांतच ते थायरॉईडच्या कॅन्सरसाठीही वापरलं जाऊ लागलं. आयोडीन-१३१ मधून दोन प्रकारचे किरण निघतात. गॅमा किरण शरीराबाहेर येतात, त्यांचं चित्र कॅमेरा काढतो. बीटा कण मिलिमीटर-दोन मिलिमीटर जाऊन थांबतात आणि वाटेतल्या पेशी मारतात. म्हणजे जे दिसतं तेच मारतं. आपल्याकडे परळला भाभा अणुसंशोधन केंद्राचं रेडिएशन मेडिसिन सेंटर १९६३ पासून आहे. तिथे आयोडीन घेऊन काही दिवस वेगळ्या खोलीत राहून आलेली माणसं महाराष्ट्रात गावोगाव भेटतील. प्रोस्टेटच्या कॅन्सरसाठी आज ज्या ल्युटेशियम-१७७ चं नाव ऐकू येतं, तेही ट्रॉम्बेच्या ध्रुव अणुभट्टीत तयार होतं.

हे दोन्ही नॅनोकण नाहीत, साधे अणू-रेणू आहेत. पण 'आधी औषध पोचतंय का ते बघू, मग डोस देऊ' ही शिस्त तिथूनच आली.

आयोडीनचं जमतंय, तर मग नॅनोकण कशाला हवेत?

थायरॉईडसारखी स्वतःहून औषध ओढून घेणारी गाठ क्वचित असते. बाकीच्या गाठींना ठरावीक असं काही लागत नाही. शिवाय एका रेणूवर फार सामान चढत नाही. कण त्या मानाने मालवाहू असतो. पोटात केमोचं औषध, अंगावर स्कॅनमध्ये दिसणारे गॅडोलिनियमचे अणू आणि बाहेरच्या टोकाला गाठीची पेशी ओळखणारी प्रथिनं, एवढं सगळं त्याच्यावर मावतं. निदान कागदावर तरी मावतं. प्रत्यक्षात जितकं जास्त लादाल, तितका प्रत्येक वेळी हुबेहूब तोच कण बनवणं अवघड जातं. अनेक सुंदर कल्पना उंदरांच्या पुढे सरकल्या नाहीत, त्याचं हे एक मोठं कारण आहे.

हे कण बनवतात तरी कसे?

सोन्याचं सांगतो, कारण ते डोळ्यांना दिसतं. गोल्ड क्लोराईडचं फिकट पिवळं, अगदी पातळ द्रावण उकळत ठेवायचं आणि ढवळता ढवळता त्यात सोडियम सायट्रेट घालायचं. पिवळेपणा जातो आणि द्रावण पाण्यासारखं होतं. मग राखाडी-जांभळट झाक येते आणि काही मिनिटांत पूर्ण चंबू डाळिंबाच्या रसासारखा लाल होतो. सोनं इतकं बारीक झालं की त्याचा सोनेरी रंग राहत नाही. पहिल्यांदा हे केलं तेव्हा मी चंबू खिडकीच्या उजेडात धरून बराच वेळ बघत बसलो होतो.

आता त्या लाल द्रावणात चिमूटभर मीठ टाका. बघता बघता ते निळं पडतं, आणि ठेवून दिलं तर तळाशी काळपट गाळ बसतो. मिठाने कणांमधलं एकमेकांना दूर ठेवणारं बळ मोडतं आणि ते एकमेकांना चिकटतात. आपलं रक्तही खारटच. म्हणजे हा कण उघडाच शिरेत सोडला तर त्याची गत त्या चंबूसारखी होणार. म्हणून त्याच्यावर पॉलिमरचं आवरण चढवतात. ते चढवलं की मीठ टाकलं तरी लाल रंग टिकतो. या क्षेत्रातली निम्मी मेहनत त्या आवरणावर जाते. व्हिडिओमध्ये मात्र ते कधी दाखवत नाहीत.

कण बरोबर गाठीतच कसे जातात?

हा सगळ्यात महत्त्वाचा प्रश्न आहे आणि याचं प्रामाणिक उत्तर आहे: बहुतेक जातच नाहीत.

१९८६ साली जपानमधल्या कुमामोतोच्या मात्सुमुरा आणि माएदा यांनी दाखवलं की गाठीतल्या रक्तवाहिन्या घाईघाईत वाढलेल्या, भोकं पडलेल्या असतात. निरोगी वाहिनीतून बाहेर न पडणारे मोठे रेणू तिथे झिरपतात आणि निचरा नीट नसल्यामुळे तिथेच साचतात. पुढची तीस वर्षं या एका गोष्टीच्या भरवशावर हजारो प्रयोग झाले. २०१६ साली टोरंटोच्या वॉरन चॅन यांच्या गटाने आधीच्या दहा वर्षांतल्या प्राण्यांवरच्या प्रयोगांचे आकडे एकत्र करून पाहिले. टोचलेल्या कणांपैकी गाठीत पोचले साधारण ०.७ टक्के. शंभरातला एक सुद्धा नाही. बाकीचे मुख्यतः यकृत आणि प्लीहेतल्या भक्षक पेशी गिळून टाकतात. रक्तात आलेला परका कण पकडणं हे त्यांचं कामच आहे.

शिवाय उंदराच्या कातडीखाली लावलेली गाठ काही आठवड्यांत वाढते, माणसाची अनेकदा काही वर्षांत. माणसाच्या गाठीतल्या वाहिन्या एकसारख्या गळक्या नसतात. एका पेशंटची गळकी, दुसऱ्याची घट्ट. एकाच पेशंटच्या यकृतातली गाठ कण ओढते, हाडातली ओढत नाही.

इथे मला एक गोष्ट सविस्तर सांगायची आहे. एमएम-३०२ नावाचं औषध होतं. डॉक्सोरुबिसिन हे केमोचं औषध चरबीच्या सूक्ष्म पिशवीत भरलेलं आणि त्या पिशवीवर स्तनाच्या कॅन्सरमधलं हर-२ प्रथिन ओळखणारे तुकडे लावलेले. संशोधकांनी त्यावर किरणोत्सारी तांबं-६४ चढवलं आणि १९ स्त्रियांच्या शरीरात ते कुठे जातंय हे पेट स्कॅनवर पाहिलं. सगळ्यात कमी आणि सगळ्यात जास्त औषध घेणाऱ्या गाठींमध्ये तिसाहून अधिक पटींचा फरक निघाला. ज्यांच्या गाठीत जास्त पोचलं, त्यांचा आजार जास्त काळ आटोक्यात राहिला. हा अभ्यास २०१७ मध्ये छापून आला. पण त्याआधीच, डिसेंबर २०१६ मध्ये, याच औषधाची मोठी चाचणी बंद झाली होती, कारण नेहमीच्या उपचारापेक्षा फायदा दिसत नव्हता. त्या मोठ्या चाचणीत आधी स्कॅन करून, कण घेणाऱ्या गाठी असलेल्या स्त्रिया निवडल्या नव्हत्या.

निवडल्या असत्या तर निकाल वेगळा लागला असता, असं छातीठोकपणे म्हणता येणार नाही. पण मला ही गोष्ट विसरता येत नाही. कदाचित काही जणींना त्या औषधाचा उपयोग होत असेल आणि बाकीच्यांच्या सरासरीत तो बुडाला असेल. म्हणून मला कोणी विचारलं की या दुहेरी कणांमधलं मोलाचं काय, तर मी सांगतो: बघणं. कोणाच्या गाठीत औषध पोचतं हे डोस देण्याआधी कळणं. पोचत नसेल तर त्या माणसाला विनाकारण त्रासात न घालता दुसरा उपचार देता येतो.

माणसांवर खरोखर काही वापरून झालं आहे का?

झालं आहे. मला सगळ्यात आश्वासक वाटतं ते फ्रान्समधलं एजीयूआयएक्स, उच्चार 'अगिक्स'च्या जवळपास. वाळूतल्या सिलिकासारख्या जाळीत गॅडोलिनियमचे अणू बसवलेले, जेमतेम ५ नॅनोमीटरचे कण. ग्रेनोबलच्या रुग्णालयात मेंदूत अनेक ठिकाणी कॅन्सर पसरलेल्या १५ पेशंटवर त्यांची पहिली चाचणी झाली. कण शिरेतून दिले, काही तासांत एमआरआय केला आणि लगेच त्याच दिवशी रेडिएशन सुरू केलं. एमआरआयमध्ये मेंदूतल्या गाठी उजळलेल्या दिसल्या आणि काहींमध्ये तो उजाळा आठवड्यापर्यंत टिकला.

गॅडोलिनियमचा अणू जड असतो. रेडिएशनचे किरण, म्हणजे आपल्याकडे ज्याला शेक देणं म्हणतात ते, अशा जड अणूवर आदळले की त्यातून इलेक्ट्रॉन उडतात आणि अगदी जवळच्या पेशीला इजा करतात. म्हणून शेक तेवढाच ठेवूनही गाठीत परिणाम वाढावा, ही अपेक्षा. तपासता आलेल्या १४ पैकी १३ जणांच्या गाठी लहान झाल्या किंवा वाढायच्या थांबल्या. पण ही सुरक्षितता पाहणारी पहिली चाचणी होती, आणि नुसतंच रेडिएशन दिलेला तुलनेचा गट त्यात नव्हता. म्हणून या १३ चं श्रेय कणांना देऊन टाकायचं नाही. त्यानंतर फ्रान्समध्येच दोन गट पाडून मोठी चाचणी हाती घेतली गेली.

हाफ्नियम या जड धातूच्या ऑक्साईडचे सुमारे ५० नॅनोमीटरचे कणही फ्रान्सचेच. ते रक्तातून न देता थेट गाठीत टोचतात आणि मग रेडिएशन देतात. गाठीत ते कुठे पसरले हे सीटीवर दिसतं. हातापायांच्या आणि धडाच्या मऊ ऊतींमधल्या सार्कोमा या कॅन्सरवर १८० पेशंटची चाचणी झाली. ऑपरेशननंतर गाठ जवळजवळ पूर्ण मेलेली आढळली ती कणांच्या गटात १६ टक्क्यांत आणि नुसत्या रेडिएशनच्या गटात ८ टक्क्यांत. २०१९ मध्ये युरोपात या वापराला मान्यता मिळाली.

अमेरिकेत सोन्याचं कवच चढवलेले सिलिकाचे कण प्रोस्टेटच्या गाठीवर वापरले. कण शिरेतून द्यायचे, दुसऱ्या दिवशी बारीक लेझरची तार प्रोस्टेटमध्ये घालून ते तापवायचे. १६ पुरुषांवरचा अहवाल २०१९ मध्ये आला आणि तो चांगला होता. मात्र तिथे बघण्याचं काम एमआरआय आणि सोनोग्राफीने वेगळं केलं. कण स्वतः दिसत नव्हता. आणि कॉर्नेल विद्यापीठातले ६-७ नॅनोमीटरचे सिलिकाचे कण २०१४ च्या अहवालात मेलानोमा या त्वचेच्या कॅन्सरच्या ५ पेशंटना दिले होते, ते नुसतेच बघण्यासाठी. सुखरूप लघवीवाटे निघून गेले.

लेझरने तापवणं पोटाच्या किंवा फुप्फुसाच्या गाठीवर का करत नाहीत?

अंधारात मोबाईलचा टॉर्च तळहाताखाली धरून बघा. बोटांच्या कडा लाल दिसतात, पण मनगटावर धरला तर पलीकडे जवळजवळ काहीच येत नाही. पांढऱ्या उजेडातला फक्त लाल भाग थोडा आत शिरतो. या उपचारात लालच्याही पुढचा, डोळ्याला न दिसणारा प्रकाश वापरतात. तो जास्त खोल जातो, तरी काही सेंटिमीटरच्या आत विरतो. म्हणून खोलवरच्या गाठीला तार आत घालावी लागते.

लोहाच्या कणांना ही अडचण नाही, कारण चुंबकीय क्षेत्र शरीरातून आरपार जातं. बर्लिनच्या एका कंपनीच्या अशा कणांना मेंदूच्या गाठीसाठी २०१० मध्ये युरोपात मान्यता मिळाली होती. कण गाठीत टोचायचे आणि बाहेरून झपाट्याने उलटसुलट होणाऱ्या चुंबकीय क्षेत्राने तापवायचे. पण डोक्याजवळ धातू असेल तर तोही तापतो, म्हणून दातांत भरलेली धातूची चांदी आधी काढून टाकावी लागायची. आणि गाठीत राहिलेल्या लोहामुळे नंतर तिथला एमआरआय काळवंडून निरुपयोगी व्हायचा. बघणं आणि उपचार एकमेकांच्या आड येऊ शकतात, ते असं.

कणांमध्ये सोनं असतं, मग सुवर्णभस्माने तेच होणार नाही का?

हा प्रश्न मला फार वेळा, फार आशेने विचारला जातो, म्हणून नीट उत्तर देतो. सुवर्णभस्मात अतिशय बारीक सोनं असतं, इथपर्यंत खरं आहे. पण वरचे कण ठरावीक आकाराचे, आवरण चढवलेले असतात आणि ते शिरेतून देतात. त्यांना लेझर दिला नाही तर ते गाठीचं काहीच बिघडवत नाहीत. सोनं तिथे औषध नाही, तापणारा तवा आहे. तोंडाने घेतलेलं भस्म आतड्यातून गाठीपर्यंत जाऊन साचतं आणि कॅन्सर बरा करतं, याला पुरावा नाही. केमो चालू असताना कोणतंही भस्म घेत असाल तर डॉक्टरांना सांगा. काही भस्मांमध्ये पारा किंवा शिसं असतं, आणि यकृत-मूत्रपिंडांवर त्या वेळी आधीच ताण असतो.

शरीरात उरलेल्या कणांचं काय होतं?

साधारण ५.५ नॅनोमीटरच्या आतला कण मूत्रपिंडाच्या गाळणीतून सहज पार होतो. हेच ते पीठ आणि दाणा. मोठे कण यकृत-प्लीहेत जातात. लोहाच्या कणांचं लोह शरीर हळूहळू आपल्या साठ्यात मिसळून घेतं. सोनं मात्र विरघळत नाही, ते यकृतात दीर्घकाळ राहतं. गॅडोलिनियमच्या बाबतीत मूत्रपिंड कमजोर असलेल्यांनी जपायला हवं. एमआरआयच्या काही जुन्या गॅडोलिनियम इंजेक्शनांमुळे अशा पेशंटमध्ये कातडी आणि सांधे घट्ट होण्याचा गंभीर आजार झाल्याचं २००६ मध्ये लक्षात आलं. क्रिएटिनिनचा, म्हणजे मूत्रपिंडाचं काम दाखवणारा रक्ताचा रिपोर्ट मागतात तो म्हणूनच.

केमोसारखा त्रास होत नाही, असं म्हणतात. खरं आहे?

त्रास बदलतो, नाहीसा होत नाही. डॉक्सोरुबिसिन चरबीच्या पिशवीत भरून देतात ते औषध अमेरिकेत १९९५ पासून मान्य आहे. साध्या लाल डॉक्सोरुबिसिनपेक्षा त्याने हृदयाला कमी धोका होतो. पण तळहात आणि तळपाय लाल होऊन सोलवटण्याचा त्रास त्याने जास्त होतो. पहिल्या सलाईनच्या वेळी काहींना अंगावर गांधी उठणं, छातीत दडपणं असंही होतं.

भारतात हे उपचार मिळतात का?

स्कॅनमध्ये दिसणारा आणि गाठ मारणाराही नॅनोकण कोणत्याही ओपीडीत नेहमीचा उपचार म्हणून मिळत नाही. नुसतं औषध पोचवणारे कण मात्र कधीचे आले आहेत. वरचं डॉक्सोरुबिसिन आणि अल्ब्युमिन या प्रथिनात बांधलेलं पॅक्लिटॅक्सेल हे केमोचं औषध आपल्याकडे सर्रास देतात. २०१२ मध्ये अमेरिकेत त्या डॉक्सोरुबिसिनचा तुटवडा झाला, तेव्हा तिथल्या औषध प्रशासनाने मुंबईच्या सन फार्माचं लिपोडॉक्स तात्पुरतं आयात करायला परवानगी दिली होती. म्हणजे असे कण कारखान्यात बनवणं आपल्याला येतं. नॅनो औषधांची तपासणी कशी करायची, याची केंद्र सरकारची मार्गदर्शक तत्त्वं २०१९ मध्ये आली. आयआयटी मुंबईसारख्या ठिकाणी दुहेरी कणांवर संशोधन चालू आहे, पण संशोधन म्हणजे उपचार नव्हे.

एका सेंटरने 'नॅनो थेरपी'चं पॅकेज सांगितलंय. घ्यावं का?

माझ्या ओळखीच्या एका कुटुंबाला असंच पॅकेज सांगितलं गेलं, आणि चालू असलेली केमो थांबवायला सांगितली. मी त्यांना एवढंच म्हणालो की औषधाचं नाव, ते कशापासून बनलंय आणि त्याला मंजुरी कोणी दिली, हे कागदावर लिहून मागा. कागद मिळाला नाही. तुम्हीही तेच मागा. आणि काही झालं तरी चालू उपचार मध्येच सोडू नका.

खऱ्याखुऱ्या चाचणीत भाग घ्यायचा असेल तर?

भारतातली प्रत्येक औषध चाचणी सीटीआरआय या सरकारी नोंदवहीत नोंदवणं २००९ पासून सक्तीचं आहे. ती संकेतस्थळावर कोणालाही बघता येते. नोंदणी क्रमांक विचारा आणि स्वतः शोधून बघा. चाचणीतल्या औषधाचे पैसे मागत असतील तर सावध व्हा. संमतीपत्र तुम्हाला कळेल अशा भाषेत, म्हणजे मराठीत, मागण्याचा तुम्हाला हक्क आहे. ते घरी नेऊन वाचायला वेळ मागा. चाचणीमुळे इजा झाली तर उपचार आणि भरपाई कोण देणार, हे त्यात लिहिलेलं असतं. ते वाक्य शोधून वाचा. मध्येच बाहेर पडलात तरी तुमचे नेहमीचे उपचार थांबवता येत नाहीत.

एक प्रश्न आवर्जून विचारा: 'माझ्या गाठीत कण पोचतात की नाही, हे डोस देण्याआधी स्कॅनवर बघणार का?' बघणार असतील तर ते चित्र दाखवायला सांगा. आणि संमतीपत्राची प्रत फाईलमध्ये सगळ्यात वर लावून ठेवा. पुढे दुसऱ्या गावात, दुसऱ्या मशिनवर स्कॅन झाला आणि त्यात एखादी जागा विचित्र उजळ किंवा काळी दिसली, तर तो कण आहे की आजार परत आलाय, हे रिपोर्ट लिहिणाऱ्या डॉक्टरांना त्या कागदावरूनच कळणार आहे.